आधी ब्रेक, मग ॲव्हरेज

कोल्हापुरातून कागल पंचतारांकित एमआयडीसीत रोज ड्युटीला जायचं आणि सुट्टीला गगनबावडा नाहीतर आंबोली गाठायची, तर जुनी दुचाकी घेताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा नसावा, ब्रेकचा असावा, असं मला ठामपणे वाटतं. कागलचा हा रस्ता म्हणजे पुणे-बंगळूर महामार्ग. शेजारून कंटेनर जातात, पावसात त्यांच्या चाकांचं पाणी तोंडावर येतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. म्हणून त्यानंतरची दीडशे-एकशेसाठ सीसीची गाडी मी आधी बघेन. शंभर सीसीची गाडी लिटरला वीसेक किलोमीटर जास्त देते, हे खरंच. पण पासष्ट आणि पंचेचाळीसचं ॲव्हरेज धरलं, तर रोजच्या चाळीसेक किलोमीटरला फरक पडतो पाव लिटरच्या आसपास. तेवढा खर्च मला पटतो, कारण घाटात डबलसीट चढताना आणि ओल्या उतारावर थांबताना लहान गाडी फार लवकर हात टेकते. फिरायला बुलेटच हवी, हेही ऐकू येतं. पण गाडीचे बहुतेक किलोमीटर शिफ्टच्या वेळा गाठण्यातच जाणार, तिथे वजन आणि देखभाल दोन्ही अंगावर येतात. आणि इंजिनाचा आवाज कितीही गोड असो, आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.