मोतीचे काय?

कुत्र्यावाचून स्वर्ग नको म्हणणारा धर्मराज मी वर्गात दरसाल शिकवितो. न्यूयॉर्कला तो घरातच भेटला. वहिनी गेल्यापासून दादा तेथे एकटेच राहतात. ‘पुण्याला चला’ म्हटले, की त्यांचे एकच, ‘मोतीचे काय?’

एकदा त्यांना ताप आला, तेव्हा वीतभर मोतीला टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत मी नेले. तेथे १९९० पासून कुत्र्यांसाठी कुंपण घातलेले आवार आहे. लहानग्यांना निराळा कप्पा. फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच चौघांनी विचारले, ‘मोतीचे मालक बरे आहेत ना?’ संध्याकाळी त्यांतल्या एक आजीबाई दादांना सूप देऊन गेल्या.

मोतीच्या साखळीला अख्खी आळी बांधलेली होती, वाचकहो! पुण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.