विष्णुपुरीचा चाफा

नांदेड शहराबाहेर गोदावरीच्या कांठीं विष्णुपुरी हें स्थान आहे. येथें काळेश्वराचें प्राचीन देवालय असून नदी अडवून केलेला शंकरसागर जलाशय दूरवर पसरलेला दिसतो. 1981 सालीं स्थापन झालेलें श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय येथेंच आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठही 17 सप्टेंबर 1994 रोजीं येथें सुरू झालें. देवदर्शन आणि विद्या यांचा असा शेजार क्वचितच लाभतो.

माझा पुतण्या येथें घर बांधून राहतो. गेल्या फाल्गुनांत त्याच्याकडे गेलों, तेव्हां ओसरीवर चाफ्याची एक सुकी फांदी उभी करून ठेवलेली दिसली. शहरांतील आमचा जुना वाडा पाडला गेला, तेव्हां माझ्या मातोश्रींनीं लावलेला पांढरा चाफाही गेला. त्याच्या तीन फांद्या पुतण्यानें आणल्या होत्या. तो म्हणाला, "काका, दोन लावल्या त्या कुजल्या. आजीच्या झाडाची एवढीच उरली. ही कशी लावूं, तें तुम्हीच सांगा."

त्याच्या सासूबाई तेथेंच होत्या. त्या म्हणाल्या, "हें थडग्यावरचें झाड. दारांत कशाला?" हा समज पुष्कळ घरांत आहे. दर्ग्याच्या आवारांत हा चाफा असतो हें खरें. पण देवळाच्या प्रांगणांतही तोच असतो, म्हणून तर त्यास देवचाफा म्हणतात. श्रीलंकेंत बौद्ध लोक हींच फुलें बुद्धमूर्तीपुढें वाहतात आणि लाओस देशाचें तें राष्ट्रीय पुष्प आहे. शिवाय संस्कृत काव्यांतील चंपक म्हणजे आपला सोनचाफा; हा खुरचाफा नव्हे. हा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटें यांकडील. प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याचें शास्त्रीय नांव 'प्लुमेरिया' पडलें. ज्या झाडाचा आपल्या प्राचीन ग्रंथकारांस परिचयच नव्हता, त्याचा निषेध त्यांच्या ग्रंथांत कोठून सांपडणार? हें ऐकून बाई हंसल्या व प्रश्न मिटला.

आतां फांद्या कां कुजल्या तें पाहूं. गोदाकांठची काळी माती पाणी धरून ठेवते. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. कपाशीस हा गुण, चाफ्यास मात्र दोष. पुतण्यानें खोल खड्डा खणून त्यांत वाळू भरली होती. परंतु चिकण मातींतील असा खड्डा म्हणजे पाण्याची वाटीच होय. चोहोंकडचें पाणी त्यांत उतरतें व मुळें सडतात. म्हणून खड्डा न करतां जमिनीच्या वर हातभर उंचवटा करावा. त्यांत मुरूम, जाड वाळू व थोडें कुजलेलें शेणखत मिसळावें. जागा दिवसभर उन्हाची असावी.

फांदी हातभर लांब, अंगठ्याहून जाड व करड्या सालीची निवडावी. पानें काढून ती सावलींत आठ-पंधरा दिवस ठेवावी, म्हणजे कापलेल्या तोंडाचा चीक सुकतो. ओल्या तोंडानें लावल्यास कुजण्याचा संभव फार. नंतर चार बोटें पुरून काठीचा आधार द्यावा. पानें फुटेपर्यंत पाणी अगदीं बेतानें घालावें. बहुतेक चाफे तहानेनें मरत नाहींत, मायेनें मरतात.

हिवाळ्यांत पानें गळून नुसते बोथट हात उरतात. झाड वाळलें असें समजून कित्येक जण तें तोडून टाकतात. तें निजलेलें असतें. तेव्हां पाणी जवळजवळ बंद ठेवावें. फुलें नव्या फुटीच्या टोंकास येतात, यास्तव छाटणी करावयाची ती थंडी सरतांना, फूट येण्यापूर्वींच करावी. पावसाळ्यांत पानांखालीं नारिंगी पूड दिसल्यास तो तांबेरा जाणावा व पडलेलीं पानें झाडून नष्ट करावीं. हें झाड कण्हेरीच्या कुळांतील आहे. त्याचा चीक डोळ्यांस व त्वचेस बाधतो. मुलांस त्यापासून जपावें.

सायंकाळीं या फुलांचा वास वाढतो. त्यास भुलून रात्रीं पतंग येतात, पण फुलांत मध मुळींच नसतो. भ्रमर चंपकाकडे जात नाहीं, असा संस्कृत कवींचा संकेत आहे; या परदेशी चाफ्यापाशीं पतंग येतो आणि रिकामा परततो.

उंचवटा आम्हीं दोघांनीं केला. फांदी त्या सासूबाईंनींच लावली. ज्येष्ठांत पुतण्याचें पत्र आलें कीं, टोंकास दोन पानें फुटलीं आहेत. वाडा कांहीं सर्व भावंडांस जसाच्या तसा वांटतां येत नाहीं. चाफा मात्र वांटतां येतो, व ज्याच्या वांट्यास येईल त्यास पुरा मिळतो. झाड मोठें झालें कीं पहिली छाटणी टाकून न देतां ती मुलींच्या घरीं पाठवावी, असें मीं उत्तरीं कळविलें आहे.