टँकरची स्वतःची टाकी

आमचे अब्बा पेट्रोलच्या टँकरवर ड्रायव्हर होते, हे कळले की लोक हमखास एकच गोष्ट बोलत. लग्नाच्या दावतीत शेजारी बसलेला अनोळखी पाहुणासुद्धा म्हणे, "मग तुम्हाला काय, मियाँ! मागे बारा हजार लिटर भरलेले. गाडीच्या डिझेलची चिंताच नाही." अब्बा हसत आणि बिर्याणीकडे वळत. समजावून सांगायला बसले असते तर दस्तरखान उठला तरी संपले नसते. म्हणून ते मी सांगते.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने इंधन तिथवर येते आणि पुढे टँकर ते गावोगावच्या पंपांवर पोहोचवतात. अब्बांच्या टँकरच्या मोठ्या टाकीत वेगवेगळे कप्पे होते. एकात पेट्रोल, दुसऱ्यात डिझेल, असेही असे. इंजिनाचा या कप्प्यांशी काहीच संबंध नसतो. तिथून इंजिनाकडे जाणारी नळीच नसते. इंजिनाला लागणारे डिझेल चासीच्या बाजूला लावलेल्या वेगळ्या टाकीत असते, कुठल्याही ट्रकला असते तशीच. ती भरायची म्हणजे पंपावर जायचे, नोझल लावायचे, पावती घ्यायची. पंपवाल्याचा स्वतःचा टँकर असला तरी तो त्याच मशीनवर भरावा लागतो, कारण मशीनचा आकडा पुढे सरकतो आणि संध्याकाळी त्याचा हिशेब जुळावा लागतो.

अब्बांचे मालक एका ठरलेल्या पंपाची चिठ्ठी देत. किती किलोमीटर, म्हणजे किती डिझेल, हे आधीच ठरलेले. घाटात गाडी जास्त प्याली किंवा वाहतुकीत अडकली, तर वरचे पैसे अब्बांच्या खिशातून. लाखो रुपयांचा माल पाठीशी घेऊन हा माणूस उतारावर दोन घोट डिझेल वाचवायचा विचार करी. अम्मीला हे फार विचित्र वाटे. मला अजूनही वाटते.

मागच्या मालाला हात लावायची सोयच नव्हती. डेपोत भरताना इंजिन बंद, गाडीला अर्थिंगची तार लावलेली, काडेपेटी आणि मोबाइल फाटकावरच जमा. भरून झाले की वरच्या झाकणांना आणि खालच्या व्हॉल्व्हला कुलूप. किल्ली डेपोत आणि पंपावर, ड्रायव्हरकडे नाही. पंपावर पोहोचल्यावर गाडी काही वेळ स्थिर उभी ठेवायची, मग कुलूप तपासायचे, कप्प्यात डिपची पट्टी टाकून पातळी बघायची, नमुना काढून घनता मोजायची. त्यानंतरच माल उतरायचा.

तरीही पातळी कमी भरे. हा भाग लोकांना ठाऊक नसतो. पेट्रोल उन्हात फुगते, थंडीत आकसते. तापमान पाच अंशांनी उतरले तरी बारा हजार लिटरमागे साठ-सत्तर लिटर कमी दिसते. दुपारच्या उन्हात भरलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे खाली होत असेल, तर पट्टी खोटे बोलत नाही, पण ड्रायव्हरनेही काही घेतलेले नसते. एका हिवाळ्यात मालकांनी अशा घटीचे पैसे अब्बांच्या पगारातून तीन महिने कापले. अब्बा त्यांना तापमानाचे सांगायला गेले. "सगळे ड्रायव्हर हेच सांगतात," एवढेच उत्तर मिळाले. सगळे तेच सांगत, कारण ते खरे होते. पण काहीजण खरोखर चोरतही, आणि त्यांच्यामुळे खऱ्याचे खरे कोणी मानत नसे.

रस्त्यावरच्या काही ढाब्यांमागे काय चालते, हे अब्बांना माहीत होते. त्यांनाही विचारणा होई. "तो माल अमानत आहे," एवढे बोलून ते गाडी पुढे काढत. चहासुद्धा त्या ढाब्यावर घेत नसत. हा धंदा किती क्रूर होता, ते २५ जानेवारी २०११ ला साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळले. त्यानंतर कितीतरी दिवस अम्मी अब्बांना दर दोन तासांनी फोन करी. ड्रायव्हर म्हटले की बाजारात लोक वेगळ्या नजरेने बघत. अब्बांनी त्यावर घरात एक शब्द काढला नाही; फक्त गाडीच्या कागदांची आणि डिझेलच्या पावत्यांची पिशवी ते रात्री उशाशी घेऊन झोपू लागले.

आता माझा धाकटा भाऊ टँकर चालवतो. त्याच्या गाडीला जीपीएस आहे. गाडी कुठे आणि किती वेळ थांबली, हे कार्यालयात बसून दिसते. जानेवारी २०२४ मध्ये अपघाताच्या नव्या कायद्यातल्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी काम बंद ठेवले, पानेवाडीचे टँकर उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. त्या दिवसांत भाऊ घरीच होता. त्याच्या मोटरसायकलमध्ये पेट्रोल नव्हते. दूध आणायला तो पायी गेला.