मुले पांगण्याआधी कान्हेरी

जूनमध्ये मुलगी नर्सिंगसाठी नागपूरला जाणार, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. त्याआधी चौघांनी कुठे जावे? मुलांना गोवा हवा होता, सौभाग्यवतींना बुद्धगया. हिशेब मांडला, तर दोन्ही प्रवास मुलीच्या फीच्या पैशांवर येत होते. म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी ठरली. तिथे १०० हून अधिक लेणी आहेत. कातळात कोरलेली पाण्याची टाकी आणि ब्राह्मी शिलालेख मुलांनी हौसेने शोधले. त्या लेखांत कल्याण, सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. पायऱ्यांवर विसावलो, तेव्हा वसतिगृहाची भीती वाटते, हे मुलगी प्रथमच बोलली. बंधू-भगिनींनो, ठिकाण लांबचे नसले तरी चालेल. मुलांसोबत एक दिवस चाला. मात्र सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असते.