पाय वर घ्या!



बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज लिहायला बसलोय. विषय कचऱ्याचा. रस्त्यावरच्या नव्हे, जावाच्या. (आयटीवाले नसाल तरी वाचा, फार त्रास देणार नाही.)

आमचं ऑफिस अदलियात, ३३८ ब्लॉकच्या हॉटेलांपासून चालत पाच मिनिटांवर. दुकानांतल्या कार्ड मशीनचे व्यवहार बँकेकडे पोचवणारा प्रोग्रॅम आमच्याकडे, जुन्या जावा ८ वर. २०२४च्या रमजानमध्ये, ऐन ईदच्या खरेदीत, तो मधूनच दहा-बारा सेकंद गप्प बसायला लागला. मशीनला वाटायचं व्यवहार फसला. गिऱ्हाईक पुन्हा कार्ड घासायचं आणि कधीकधी पैसे दोनदा कापले जायचे.

मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "नेटवर्क!"

नेटवर्कवाला मुलगा केरळचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, प्रोबेशनवर. तीन आठवडे बिचारा रात्र रात्र केबल आणि स्विच तपासत होता. मॅनेजरने त्याला कायम करायचं की नाही यावर शंका बोलूनही दाखवली. इथे नोकरीबरोबर व्हिसाही जातो, हे तुम्हाला सांगायला नको.

शेवटी त्यानेच विचारलं, "भाई, जीसी का लॉग देखा क्या?"

लॉग बंदच होता! चालू केला. दुसऱ्याच रात्री सापडलं: फुल जीसी, १४ सेकंद.

जावात वापरून झालेली मेमरी आपण परत करत नाही, व्हर्च्युअल मशीन स्वतःच झाडून घेतं. जावा ८चा नेहमीचा पॅरलल कलेक्टर झाडायला लागला की सगळे थ्रेड जागच्या जागी थांबतात. घरी लादी पुसायची वेळ झाली की आई ओरडायची ना, "पाय वर घ्या रे!", तसंच. घरात सामान जितकं जास्त, तितका वेळ जास्त. आणि हीप ८ जीबीवरून २४ वर नेऊन कॅश वाढवला कोणी? मीच. मेमरी स्वस्त आहे म्हणून! थांबे कमी झाले, पण एकेक थांबा लांबला.

मग मीटिंगा. एकजण म्हणाला गोमध्ये लिहू. गोचे थांबे छोटे खरे, पण कचरा फार झाला की तो काम करणाऱ्यांनाच झाडू धरायला लावतो. अर्लँगमध्ये प्रत्येक प्रोसेसचं घर वेगळं, त्यामुळे सगळे एकदम थांबत नाहीत, पण निरोप पाठवायचा तर बहुतेक वेळा डेटाची नक्कल करावी लागते. शिवाय पुन्हा लिहिणार कोण? आम्ही जावा २१ आणि झेडजीसी घेतलं. थांबा एक मिलिसेकंदाच्याही आत. पण ते काम चालू असतानाच झाडतं, त्यामुळे सीपीयू जास्त लागतो, आणि छोट्या पॉइंटरची युक्ती तिथे चालत नसल्याने मेमरीही. मशीन मोठं घ्यावं लागलं. फायनान्सवाल्यांनी विचारलंच, "एवढे दिनार, कशासाठी?" रात्रीचा हिशेबाचा जॉब मात्र पॅरललवरच ठेवलाय. तिथे कोणी ताटकळत नसतं, आणि एकूण काम लवकर उरकतं.

हीप मी वाढवली होती, हा मेल मॅनेजरला पाठवायला दोन दिवस लागले. मुलगा कायम झाला. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही, पण करक चहाचे पैसे तेव्हापासून मीच देतो.