डाळ बंद नाही

भर पावसाळ्यात रात्री दोनला अण्णा उठून बसायचे आणि विचारायचे, "टोळी आली का ऊस तोडायला?" दिवसा मात्र जेवता जेवता डुलकी. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना हात समोर ताणून पंजे वर धरायला लावले. पंजे क्षणभर थांबत आणि फडकन खाली पडत. लिव्हर सिरॉसिसचं आम्हाला माहीत होतं (दारूचा थेंब नाही, हेपॅटायटिस बी). आता अमोनिया मेंदूला बाधत होता.

खाल्लेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. ती शरीराला साठवता येत नाहीत. जास्तीची मोडताना नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो, आतड्यातले जिवाणू त्यात भर घालतात. धडधाकट लिव्हर त्याचा युरिया करतं आणि किडनी तो लघवीवाटे काढून टाकते. हे चक्र क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ साली मांडलं. अण्णांनी जन्मभर उसाला टाकला तोच हा युरिया. रिपोर्टमध्ये मात्र तो कमी आला होता. पण त्यात आनंद कसला? लिव्हरच तो पुरेसा करत नव्हतं.

शाहू महाराजांनी वसवलेल्या जयसिंगपुरात गल्ल्या सरळ, त्यामुळे बातमीला वळणंही घ्यावी लागत नाहीत. पाचव्या गल्लीतली आत्या संध्याकाळीच हजर. "डाळ बंद कर की गं त्याची, अंगात विष होतंय न्हवं!"

पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. आमच्या डॉक्टरांनी उलटं सांगितलं. लिव्हर थकलं की अमोनिया उचलायचं बरंच काम स्नायू करतात. प्रथिनं तोडली की स्नायू झडतात आणि तीही वाट अरुंद होते. म्हणून मुगाची आमटी, दही चालू. जोडीला लॅक्टुलोजचं गोडमिट्ट, चिकट औषध. त्यानं आतड्यात आम्लता वाढते, अमोनिया तिथंच अडकतो आणि पोट साफ होताना निघून जातो. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. घरात सकाळी पहिला प्रश्न तोच, पाहुण्यांदेखतसुद्धा. अण्णा ओशाळायचे, आई नाही.

चार-पाच दिवसांत टोळी यायची थांबली.

झोपताना काहीतरी खायला द्यायचं, हेही ठरलं. रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. अण्णांना हवं भडंग. पोटात पाणी झाल्यानं मीठ जवळजवळ बंद. आईनं बिनमिठाचं करून शेंगदाणे वाढवले. अण्णांनी घास चावला, वाटी सरकवली. "ह्याला चिरमुरे म्हणतात. दूध-भाकरी आण."