माथेरानच्या गाडीचा उतार

माथेरानच्या गाडीचं कौतुक करताना माणसं तिच्या चढाविषयीच बोलतात. मला तिचा उतार थोर वाटतो. डोंगर चढायला जोर लागतो. तोच डोंगर भरल्या गाडीनिशी, वळणामागून वळण घेत, अंगावर ओढून न घेता उतरायला निराळंच कसब लागतं.

सर्वांत तीव्र चढ 1:20 चा. वीस मीटर पुढे जावं तेव्हा एक मीटर वर, आणि नेरळपासून सगळा मार्ग जवळजवळ एकवीस किलोमीटरचा. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग मनावर घेतला, आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावली. खर्च झाला 16 लाख रुपये. एका घराण्यानं स्वतःच्या हिमतीवर डोंगरात लोहमार्ग घालावा, ही गोष्ट आजही मला थक्क करते.

जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीची वाफेची इंजिनं मुद्दाम या वळणांसाठी घडवलेली होती. सहा चाकं, पण पुढच्या आणि मागच्या जोडीला थोडं आडवं सरकायची मुभा. सरळ ताठ आस असता तर वळणात चाक रुळाशी भांडलं असतं. इथे ते वळणाचं ऐकतं. त्यातलं एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक नेरळला. रंगरंगोटी केलेलं, स्वच्छ, थंड. त्याच्याजवळ उभं राहिलं की डोळे निवतात, पण पोट भरत नाही. पेटलेल्या इंजिनाला वास असतो: गरम तेलाचा, ओल्या वाफेचा, कोळशाचा. पहिल्या गाडीच्या कितीतरी आधी उठून फायरमननं आग धरायची, बॉयलरमध्ये वाफ चढेपर्यंत तिला जपायचं, आणि अर्ध्या घाटात पाणी भरायला थांबायचं. तिथलं स्टेशन अजून ‘वॉटर पाइप’ याच नावानं ओळखलं जातं.

डिझेल आलं आणि ही पहाटेची मेहनत संपली. युंग कंपनीची डिझेल इंजिनं पन्नासच्या दशकातच इथे पोचली होती. वाफेची रोजची पाळी 1980 च्या दशकात थांबली. डिझेलला वारसा म्हणायला नाक मुरडणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. वळणं तीच आहेत, चढही तोच आहे. त्या डिझेलनंही आपली हाडं याच घाटात झिजवली.

आणि उताराचं काम तर इंजिनापेक्षा माणसांचं होतं. वर्षानुवर्षं डब्यांच्या मधल्या जागेत ब्रेकमन उभे राहत. चालकानं शिट्टी दिली की हातब्रेक आवळायचा, पुढची शिट्टी झाली की सैल सोडायचा. कमी आवळला तर गाडी सुटते, जास्त आवळला तर चाक घसरतं. एका हाताची चूक बाकीच्यांना सावरावी लागे. गाडी उतरत असताना त्यातल्या एकाचा चेहरा मी बराच वेळ पाहत होतो. खिडकीबाहेरच्या दरीकडे त्याचं लक्षच नव्हतं. सगळा जीव कानात गोळा झाला होता.

डोंगर मात्र हिशेब मागतोच. जुलै 2005 च्या पावसानं मार्ग उखडला. गाडी पुन्हा धावली ती 2007 मध्ये, नेमकी शताब्दीच्या वर्षी. 2016 मध्ये डबे रुळांवरून घसरले आणि गाडी थांबली. 2018 मध्ये ती सुरू झाली, पण 2019 च्या पावसानं पुन्हा घाट फोडला, आणि नेरळहून वर जाणारी गाडी दिसायला ऑक्टोबर 2022 उजाडला. प्रत्येक वेळी ट्रॅकमननी दरड उपसली, खडी भरली, रूळ पुन्हा ओळीत आणले. पर्यटकांच्या फोटोंत ही माणसं नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, तरी वरच्या टोकाला अमन लॉज ते माथेरान शटल चालू राहते. मोटारींना अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापुढे बंदी. तिथून गावापर्यंत घोडा, पायपीट किंवा ही छोटी गाडी. लाल चिखल तुडवत येणाऱ्या माथेरानकराला ती वारसा म्हणून नको असते, घरी वेळेवर पोचायला हवी असते. आणि ती त्याला पोचवते.